तक्रार क्रमांक एक

“वाचलं?”

ओट्यावर बसून, अडकित्त्यातल्या सुपारीवरची नजर न हलवता ते एवढंच विचारायचे. आणि मीही न अडखळता खोटं बोलायचो, “वाचलं, काका. वर पाठवलंय.”

हुद्दा माझा भारदस्त होता : समाजसंपर्क अधिकारी. खालापूरच्या बाजूला एका रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं, त्याला परदेशी बँकेचं कर्ज होतं, आणि बँकेची अट होती की वाटेतल्या प्रत्येक गावात तक्रारपेटी हवी. कर्जतला माझ्या आईने शेजारणींना सांगून टाकलं होतं, मुलगा बँकेत लागला. प्रत्यक्षात मी स्कूटरवरून पत्र्याच्या पेट्या आणि हातोडी घेऊन हिंडत होतो.

त्यांच्या घरासमोर पेटी ठोकून त्यांच्याच ओट्यावर पाणी प्यायला टेकलो, तेव्हा ते म्हणाले, “सायेब, हितं वढा हाय. तुमच्या नकाशात मोरी दिसत नाय. भराव टाकलात की पावसाचं पानी जानार कुटं? आमच्या सगळ्यांच्या भातात.”

मला अधिकारी होऊन आठवडा झाला होता. मी बोट वर केलं. “काका, तोंडी नको. लेखी. त्या पेटीत.”

कुणाला काय बोलून बसलो, ते मला कळलंच नाही. ते मोहोपाड्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेले. चिठ्ठीशिवाय त्यांनी जन्मात कुणाला एक नट दिला नव्हता. माझं वाक्य ऐकून त्यांचा चेहरा मुलीचं लग्न ठरल्यासारखा उजळला.

“बरोबर,” ते म्हणाले. “तोंडी नकोच.”

त्या दिवसापासून तक्रारी सुरू. कार्बन लावून तीन प्रती. एक पेटीला, एक स्वतःला, एक गावदेवीच्या पायाशी दगडाखाली. “तिगांपैकी कुनीतरी वाचंल.”

मी तरी वाचत नव्हतो. पेटीची किल्ली मी पहिल्याच दिवशी हरवली होती. हे साहेबांना सांगायची छाती नव्हती, म्हणून दर महिन्याच्या अहवालात लिहायचो : तक्रारी, शून्य. वर ‘लोक समाधानी आहेत’ हे माझ्या पदरचं.

“वाचलं?”

“वाचलं, काका.”

“मंग न्या की.”

मी इकडेतिकडे बघायचो. ओट्यावर दुध्यांचा ढीग असायचा. काय हा जिव्हाळा, असं मनात म्हणून मी एक उचलायचो. ते माझ्याकडे टक लावून बघत राहायचे.

सहाव्या महिन्यात साहेबांचा फोन आला. बँकेची बाई पाहणीला येतेय आणि भडकलीय. शून्य तक्रारी म्हणजे लोकांना कुणी विचारलंच नाही, असं तिचं म्हणणं. “उद्या सकाळपर्यंत तक्रारी उभ्या कर, नाहीतर तू घरी बस.”

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस कुठे जाईल? स्कूटर पिटाळत मी त्या ओट्यावर गेलो आणि हात जोडले. “काका, एखादी तक्रार द्या ना! कसलीही चालेल.”

अडकित्ता थांबला.

“तेवीस दिल्यात की रं.”

एका क्षणात मी ‘सायेब’चा ‘रं’ झालो. सगळं कबूल केलं, किल्ली हरवल्याचंही.

ते आत गेले, फाईल आणली आणि तक्रार क्रमांक एक माझ्यापुढे धरली. अक्षर मोत्यासारखं : ‘सदर पेटीची किल्ली आपण माझ्या ओट्यावर विसरला आहात. दारालगतच्या खिळ्याला लावून ठेवली आहे. कृपया न्यावी.’

मी वर पाहिलं. किल्ली लटकत होती. सहा महिने मी तिच्याखाली बसून चहा प्यायलो होतो.

“अहो, मग तोंडी सांगायचं ना!”

“तुमीच म्हनलात, तोंडी नको.”

आतून काकू ओरडल्या, “चौदावी बी दाकवा त्याला. दुध्यांची!”

उरलेल्या एकवीस मोरीच्या होत्या. तारीख, माप, आकृतीसकट.

दुसऱ्या दिवशी बाई कोरड्या ओढ्यात उभी राहिली आणि मी एकेक तक्रार तिला इंग्रजीत सांगितली. मग तिने शेजारी उभ्या काकांना विचारलं, या अधिकाऱ्याने तुमचं वेळेवर ऐकलं का? हा प्रश्न मराठीत मलाच विचारावा लागला. माझी नोकरी त्यांच्या जिभेवर होती. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं.

“पोरगा वाईट नाय. वाचायला जरा कच्चा हाय. आदी मोरी घाला, मंग त्याला मी शिकवतो.”

मी शब्दन् शब्द तसाच सांगितला. त्या नोकरीतलं माझं ते पहिलं प्रामाणिक काम. बाई खो खो हसली आणि तिथला भराव तिने थांबवायला लावला. मोरी पावसाच्या आधी बसली. माझी नोकरीही वाचली.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. मला कळलं ते भाद्रपदात. गेलो तेव्हा मोरीतून पाणी खळाळत होतं आणि पलीकडे भात पोटरीला आलं होतं. काकूंनी चहा दिला. खिळ्याला किल्ली तशीच होती. रस्ता केव्हाच पुरा झालाय, पेटी आता कुणी उघडत नाही.

फाईलमधला कार्बन मागून घेतला आणि लिहिलं : ‘क्रमांक चोवीस. सदर ओट्यावर आज कोणीही “वाचलं?” असं विचारलं नाही. कृपया दखल घ्यावी.’

एक प्रत पेटीत टाकली, एक खिशात ठेवली. तिसरी घेऊन गावदेवीकडे गेलो आणि दगड उचलला. खाली तेवीसच्या तेवीस होत्या, भिजून एकमेकींना चिकटलेल्या. त्यांच्यावर माझी ठेवली.