मुळ्याच्या पानांचे खांब

आमच्या बिबवेवाडीच्या घराला चार वर्षं तोंड नव्हतं. म्हणजे घर होतं. मागे स्वयंपाकघर, मधे तीन खोल्या, वर गच्ची, सगळं गिलावा करून आणि रंग देऊन नांदतं. फक्त रस्त्याकडची भिंत तेवढी उघडी वीट. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, काम अडलंय का म्हणून. वडील दारातूनच सांगायचे, "अडलं न्हाई. पोरगी शिकती हाय. तीच काढील पुढचं."

ती पोरगी म्हणजे मी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नदीपलीकडच्या एका कॉलेजात आर्किटेक्चर शिकत होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. गाव शहरात गेलं, शेतांत सोसायट्या उभ्या राहिल्या, आमचीही बरीचशी जमीन प्लॉट पडून गेली आणि उरलेल्या तुकड्यात वडिलांनी पुढे घर आणि मागे भाजीचे वाफे असा संसार मांडला. मुळा, कोबी, मेथी, जे निघेल ते पहाटे मंडईत जायचं. आर्किटेक्चरच्या कॉलेजात घराचं तोंड काढायला शिकवतात, अशी वडिलांची पक्की समजूत होती. मी ती दुरुस्त करायला गेले की ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचे, "शिकवलं का?"

माझी पंचाईत अशी की कॉलेजात नेमकं उलटं शिकवत होते. डिझाइनच्या सरांचा तोंड काढण्याला सक्त विरोध होता. आतलं घर नीट झालं की बाहेरची बाजू आपोआप नीट होते, वरून काही चिकटवणं म्हणजे खोटेपणा, आणि वजन न पेलणारा खांब हा तर गुन्हाच, असं ते सांगायचे. आम्हीही उघड्या काँक्रीटच्या प्रेमात पडलो होतो. वडिलांना मात्र खांब हवे होते. समोरच्या सोसायटीतले लोक आमच्या घराला 'ते मागचं, भाजीवाल्यांचं' म्हणायचे, ते त्यांना लागलं होतं. पुढे असं काहीतरी हवं की बघणाऱ्यानं दोन पावलं मागे सरून बघावं. म्हणून मी वेळ काढत राहिले. "अजून शिकवलं नाही, आबा," एवढं सांगितलं की विषय पुढच्या सत्रावर जायचा.

तिसऱ्या वर्षी इतिहासाला रेनेसान्स आणि बरोक, म्हणजे युरोपातल्या खांबा-घुमटांच्या जुन्या शैली, आल्या आणि माझी सबब संपली.

इतिहासाचे सर अस्सल पुणेरी होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, हातात बारा महिने छत्री, आणि विद्यार्थ्यांशीही 'अहो' आणि 'आपण'. त्यांचा तास दुपारी जेवणानंतर असायचा. खिडक्यांना काळे पडदे, पंख्याची घरघर, प्रोजेक्टरमधून येणारा तापलेल्या धुळीचा वास आणि स्लाइड बदलताना होणारा 'खटक' असा आवाज. त्या अंधारात अर्धा वर्ग झोपायचा. सर म्हणायचे, "झोपणाऱ्यांनी कृपया घोरू नये, जागणाऱ्यांची झोपमोड होते." मी मात्र जागी असायचे. वळणावळणाच्या जिन्यांची, घुमटांची, कारंज्यांची ती चित्रं भिंतीवर उमटली की मला आपण फार लांब आलो आहोत असं वाटायचं, आणि ते वाटणं आवडायचं. आजही कुठे तापलेल्या धुळीचा वास आला की मला आधी रोम आठवतं, मग पुणे.

सर सांगायचे, रेनेसान्स म्हणजे मोजूनमापून बोलणारा माणूस आणि बरोक म्हणजे हातवारे करून बोलणारा. मी वहीत लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, आमच्या घरात आई रेनेसान्स आणि आबा बरोक.

मग खांबांची शीट आली. सगळे प्रकार मोठ्या कागदावर शाईत काढायचे. त्यातला कॉरिंथियन खांब म्हणजे डोकेदुखी, कारण त्याच्या माथ्यावर अॅकँथसच्या पानांचा झुपका असतो आणि हे परदेशी झाड आमच्यापैकी कुणी बापजन्मी पाहिलेलं नव्हतं. ग्रंथालयातल्या एकुलत्या एका पुस्तकातलं चित्र इतकं काळपट की पान कुठलं आणि सावली कुठली ते कळेना. सरांनी त्या खांबाची जुनी गोष्ट सांगितली होती. कॉरिंथ गावात लग्नाआधीच एक मुलगी वारली. तिच्या दाईनं मुलीच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या आणि वर कौल झाकलं. खालून झाड फुटलं, पानं टोपलीला बिलगून वर चढली आणि कौलाला अडून बाहेर वळली. तिथून जाणाऱ्या एका कारागिरानं ते पाहिलं आणि खांबाच्या डोक्यावर तसंच घडवलं.

घरी ओट्यावर ड्रॉइंग बोर्ड टेकवून मी खाडाखोड करत बसले होते. वडील मागून बघत होते. "ह्यो तर कोबीचा गड्डा," ते म्हणाले. मी चिडले. कोबी नाही, ही पानं आहेत, आणि त्यामागे एक गोष्ट आहे, असं म्हणून मी तावातावानं ती सांगितली. मेलेल्या पोरीची गोष्ट कशाला सांगतो तुमचा सर, असं काहीसं वडील पुटपुटले आणि मागे निघून गेले.

थोड्या वेळानं त्यांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. मंडईला माल न्यायची वेताची टोपली त्यांनी फरशीवर उभी ठेवली होती. तिच्या भोवती मुळ्याचा ताजा पाला, मोठी पानं खाली, लहान वर, नीट कातर दिसेल असा खोचलेला. टोपलीवर मागच्या पडवीच्या छपराचं एक कौल. कौलाखाली पानांचे शेंडे दाबले जाऊन बाहेर वळले होते, अगदी स्लाइडवर वळलेले दिसायचे तसे. वडील बाजूला उकिडवे बसून पानांवर पाणी शिंपडत होते.

"काढ आता," ते म्हणाले. "सुकायच्या आत."

मी काढलं. आयुष्यात पुष्कळ ड्रॉइंग्ज केली, पण इतकं मन लावून केलेलं दुसरं आठवत नाही. संध्याकाळी आईनं तो पाला निवडून भाजीला घेतला, कारण कॉरिंथ असो की आणखी काही, तिच्या घरात पाला वाया जात नसे.

शीट तपासताना सर माझ्यापाशी थांबले आणि चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. पानं कुठली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुळ्याची. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्या कारागिरानंही वाटेत दिसलं तेच उचललं होतं, असं म्हणून त्यांनी शीटच्या कोपऱ्यात 'उत्तम' लिहिलं आणि शेजारी एक मार्क कापला. कारण विचारलं तर म्हणाले, प्रश्न अॅकँथसचा होता.

त्या 'उत्तम'नं मला धीर आला. तास संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि वडिलांच्या खांबांचं सगळं सांगून टाकलं. हे खोटं आहे, गावाकडचे लोक शहरात आले की असलं काहीतरी करतात, मी काय करू, असं मी विचारलं. सरांनी छत्री काखेत मारली.

"अहो, ज्यांच्या वाड्यांवर आपण हे सबंध सत्र घालवलं, ते तरी कोण होते? लोकर विकून नुकतेच वर आलेले लोक. त्यांनाही शेजाऱ्यांना दाखवायचंच होतं. आपल्या वडिलांची हौस जुनी आहे, मान्य. पण ती नीट काढणं तर आपल्या हातात आहे ना?"

मग जाता जाता त्यांनी फ्लॉरेन्समधल्या एका मोठ्या चर्चबद्दल सांगितलं. आतून बघत राहावं असं, पण पुढची बाजू कधी झालीच नाही. आराखडा निघाला, काम राहिलं. शेकडो वर्षं ती भिंत तशीच ओबडधोबड, उघडी उभी आहे.

मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा वडिलांना भलताच आनंद झाला. एवढ्या लांबच्या, एवढ्या मोठ्या गावातही आपल्यासारखं घर आहे, याचा. त्यांनी आईला हाक मारून ते पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं. मग विचार करून म्हणाले, "म्हंजे त्यांचीबी पोरगी शिकतच असंल."

चौथ्या वर्षाच्या सुट्टीत मी आमच्या घराचं तोंड काढलं. भिंतीलगतचे चपटे चार खांब, दारावर त्रिकोण, सगळं प्रमाणात, संयमी. वडिलांनी कागद उलटसुलट फिरवून पाहिला आणि माझ्या वहीतल्या एका बरोक चर्चच्या चित्रावर बोट ठेवलं. वरच्या मजल्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळी झालेली ती मोठी वळणं त्यांना हवी होती. मी सांगितलं की या दोहोंत शंभरेक वर्षांचं अंतर आहे, एकत्र येत नाहीत. ते म्हणाले, "आपल्याकडं जागा हाय की." शेवटी वळणंही आली. खांबांच्या माथ्यासाठी मी ओट्यावर बसून मातीत मुळ्याची पानं घडवली, गवंड्यानं त्यावरून साचा करून सिमेंटमध्ये चार माथे ओतले, आणि दिवाळीच्या आत घर तोंड धुऊन उभं राहिलं.

समोरच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ फिरायला निघताना थांबले आणि म्हणाले, "वा. परदेशवारीचा खर्च वाचवलात आमचा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांनी त्यांना हसून नमस्कार केला. आत आल्यावर मी विचारलं, तुम्हाला कळलं ना तो काय म्हणाला ते. "कळतंय की," ते म्हणाले. "पर थांबून बघितलं का न्हाई?" ते गृहस्थ पुढे रोज थांबायचे. आपल्या नातवंडांनाही घेऊन यायचे, मुळ्याची पानं दाखवायला.

तीस-एक वर्षं ते तोंड तसंच राहिलं. मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि खांब, त्रिकोण, वळणं, सगळं नव्या रस्त्याच्या रेषेच्या पुढे निघालं. पाडताना मी मुद्दाम हजर राहिले. वडिलांना आत बसा म्हटलं, पण ते बाहेर येऊन उभे राहिले. एक माथा शाबूत निघाला, तो त्यांनी मजुरांकडून दाराशी आणवला. बाकीचं ट्रॅक्टरमध्ये भरून गेलं. कापलेल्या घराला मागे सरून नवी भिंत घातली, ती उघड्या विटेची. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि ते खांब तर माझ्या व्यवसायातल्या कुणाला दाखवायचीही मला लाज वाटत आली होती.

नवं तोंड काढायला मी लगेच बसले. आता माझं ऑफिस होतं, हाताखाली मुलं होती. पहिला आराखडा वडिलांनी पाहिला, चांगला आहे म्हणाले आणि गादीखाली ठेवला. दुसराही तिथेच गेला. तिसरा नेला तेव्हा मी वैतागले. काय आवडत नाही ते तरी सांगा, म्हटलं. वजन न पेलणारे खांब काढून देते, वळणं देते, मुळा देते. ते नुसते म्हणाले, घाई काय हाय.

मग एका सकाळी मी बिबवेवाडीला गेले. गाडी लांब लावून चालत येत होते. वडील दाराशी त्या सिमेंटच्या माथ्यावर बसले होते, मुळ्याच्या पानांवर पंचा अंथरून. आता त्यांनी ऐंशी ओलांडली होती. नव्यानंच राहायला आलेला कुणी तरुण त्यांच्यापुढे उभा राहून उघड्या भिंतीकडे बघत होता. त्यानं विचारलं, आजोबा, काम अडलंय का?

मी तिथेच थांबले. माझे केस पांढरे झाले होते, चष्म्याचा नंबर वाढला होता, आणि आदल्याच आठवड्यात माझ्या हाताखालच्या मुलांनी ऑफिसची पंचविशी साजरी केली होती. तरी कॉलेजातल्या पोरीसारखी मी वडिलांच्या उत्तराकडे कान लावून उभी राहिले.

"अडलं न्हाई," वडील म्हणाले. "पोरगी शिकती हाय."