चार वायरींची जोडणी

रेवसच्या धक्क्याला लाँच लागली तेव्हा माझ्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला, गिटारचा आवाज मोठा करणारा पॉवर अँप होता आणि दोन पायांच्या मधे त्या आवाजाला आधी आकार देणारा प्रीअँप. मुंबईतला एक स्टुडिओ बंद होत होता, तिथून मी दोन्ही स्वस्तात विकत घेतले होते. खलाशाने उतरवून घ्यायला हात पुढे केला आणि वजनाने दचकलाच.

"ताई, सोनं हाय का काय यात?"

"त्याच्याहून भारी," मी म्हटलं. मी इतकी हवेत होते की दुसरं काही सुचलंच नाही.

मी नागावच्या जवळ शाळेत गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवते. माझ्याकडे इफेक्टची एक पेटी होती, जमिनीवर ठेवून पायाने चालवायची. एको, घुमारा, फाटलेला आवाज, सगळं तिच्यात. पण त्यातला फाटलेला आवाज मला कधी पटला नाही. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा यायचा. प्रीअँपमध्ये तोच आवाज जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हमधून भरदार होऊन निघतो. तो मला हवा होता, आणि त्याच्यावर पेटीतला एको.

रविवारी सकाळी वाडीतल्या नारळाच्या खोलीत सगळं मांडलं. गिटार पेटीत, पेटी प्रीअँपमध्ये, प्रीअँप पॉवर अँपमध्ये आणि तिथून जाड वायर स्पीकरला. तार छेडली. नुसता चिखल! एको आधी आणि व्हॉल्व्ह नंतर, त्यामुळे एकोसुद्धा फाटून बाहेर येत होता.

दारात सासरे उभे होते. त्यांना मी मामा म्हणते. तीस वर्षं एका कंपनीत कंट्रोल पॅनेलवर काम करून निवृत्त झालेले. लग्नाला आठ वर्षं झाली, पण गिटारबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो.

"नकाशा हाय का याचा?" त्यांनी विचारलं.

"पुस्तक आहे मामा, पण इंग्रजीत."

"चित्रं काय इंग्रजीत नसतात."

चष्मा लावून ते नारळाच्या पोत्यावर बसले आणि पान उलटत राहिले. मग पेटीच्या मागच्या दोन भोकांवर बोट ठेवलं. "हे सेंड, हे रिटर्न. म्हणजे ही मशीन आवाज मधेच बाहेर पाठवते आन परत घेते. मंग तुझा तो डबा त्या मधल्या जागेत घाल की. एको परत आल्यावर लागंल."

मला टाळीच वाजवावीशी वाटली. गिटार पेटीत. पेटीच्या सेंडमधून प्रीअँपकडे. प्रीअँपमधून परत रिटर्नला. शेवटची वायर पेटीतून पॉवर अँपला. मामांनी चिकटपट्टीचे तुकडे कापून प्रत्येक वायरीवर लिहिलं: जाणारी, येणारी.

चालू केलं, आणि घूंऽऽ! गिटारला हातही लावला नव्हता आणि खोली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वाजत होती. मुंबईतल्या एका गिटार वाजवणाऱ्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, अँपच्या प्लगची जाड पिन तोडून टाक, लगेच बंद होईल."

फोन स्पीकरवर होता. मामांनी प्लग माझ्या हातातून काढूनच घेतला. "पिनला हात लावायचा न्हाय! अर्थिंग हाय ती. शॉक बसला तर ती वाचवते. मित्र येनार हाय का तुझा वाचवायला?"

मित्राने फोन ठेवला. मामा वायरींच्या मागे मागे निघाले. जोडणी बदलताना पेटी मी स्वयंपाकघरातून ओढलेल्या वायरीवर लावली होती आणि बाकी दोन्ही या खोलीतल्या प्लगवर. "दोन ठिकानची अर्थिंग एकमेकांत फिरते हाय, म्हनून घूं करतंय," ते म्हणाले. आतून एक मोठा बोर्ड आणला, तिन्ही प्लग त्याच्यात लावले. "कर चालू."

शांत. इतकं शांत की मला वाटलं काही बंदच पडलंय. मी गिटारच्या सगळ्या तारांवर एक कॉर्ड मारली.

काय आवाज होता तो! भरदार, जाड, छातीवर येऊन आदळणारा, आणि त्याच्यामागून स्वच्छ एको, एक, दोन, तीन. मी ओरडलेच. मामाही हसले, तोंडभर. सासूबाई हातात कालथा घेऊनच धावत आल्या.

"आता ते वाजव," मामा म्हणाले.

"कोणतं?"

"रोज संध्याकाळी वाजवतेस ते. सुरुवात चांगली हाय. मधे उंच जातंय तिथं तू थांबतेस. आज थांबू नको."

ते गाणं मीच बसवत होते, दोन वर्षं, दार लावून. घरात कुणाच्या कानावर जात असेल असं मला कधी वाटलंही नव्हतं.

मी सुरू केलं. उंच जायची जागा आली, एक सूर चुकला, तरी मी पुढे गेले. मामा पोत्यावर बसून पायाने ठेका धरत होते, अगदी बरोबर समेवर. सासूबाई दाराला टेकून उभ्या होत्या. वाजवून संपल्यावर मी गिटार खाली ठेवायला निघाले.

"व्हय," मामा म्हणाले, "आता परत एकदा. आन आवाज जरा वाढव."