सूर्यामागे पळणारं नुझाचं विमान

माहजूब शिंपी आयुष्यात रबातच्या पलीकडे गेला नाही. पण कासाब्लांकाच्या आमच्या गल्लीत कुणाचा मुलगा परदेशी निघाला, की अंतर विचारायला लोक त्याच्याकडेच येत. नाटकाच्या सामानातला एक जुना पृथ्वीगोल मी त्याला दिला होता. त्यावर तो दोन शहरांमध्ये दोरा ताणायचा, चिमटीत धरून टेपावर ठेवायचा आणि गंभीरपणे किलोमीटर सांगायचा. मी नट; चाळीस वर्षं त्यानं मला रंगमंचासाठी राजे, भिकारी आणि एकदा तर राणीही शिवून दिली; माप कधी चुकलं नाही.

रमजानातल्या त्या दिवशी त्याची एकुलती लेक नुझा माँट्रियलला शिकायला निघाली. तिला विमानतळावर सोडून तो आणि त्याची बायको लल्ला बतूल दुपारीच घरी आले होते. मला इफ्तारचं आमंत्रण होतं. अजान झाली. मी खजूर उचलला, माहजूबनं उचलला. बतूलनं मात्र हात मांडीवर ठेवले.

"घ्या ना," मी म्हणालो.

"नाही, सी लर्बी. शपथ घेतलीय. आजवर आम्ही मायलेकींनी रोजा एकत्रच सोडलाय. ती सोडेल तेव्हाच मी."

माहजूबच्या हातातला खजूर खाली आला. बतूलला मधुमेह. डॉक्टरांनी मुळात उपासच नको सांगितलेला.

"अगं बाई, ती सूर्याच्या मागे चाललीय! तिचा सूर्य बुडायला आपले अकरा वाजतील!"

"वाजू देत."

त्यानं गोल आणला, दोरा ताणला. "हे बघ, पाच हजार सहाशे. तीनला उडालीय, म्हणजे आत्ता इथे, समुद्राच्या मध्यावर. प्रवाशाला रोजा माफ असतो. तिनं केव्हाच खाल्लं असेल."

"माझी मुलगी? तुझ्यासारखी वाटली का ती? आजारी नसतानाही रोजा चुकवायचास तू, ठाऊक आहे मला!"

मी हसलो, पण बतूलच्या कपाळावर घाम दिसला आणि हसू विरलं. वाडग्यातल्या हरीरा सूपवर साय धरू लागली. माहजूब तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "बतूल, सरबताचा एक घोट. पाप माझ्या माथी."

तिनं मान फिरवली.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. माहजूबनं आवाज मोठा केला.

"बाबा, मी नुझा! सकाळपासून सगळ्या मावश्यांशी बोलून फोन मेला. शेजारच्या काकूंचा मागून घेतलाय."

"कुठून बोलतेयस? विमानातून?"

"कसलं विमान! तिकडे बर्फाचं वादळ आहे. आम्ही अजून इथेच, कासाब्लांकाच्या विमानतळावर. आत्ताच सगळ्यांना खजूर वाटले. आईनं खाल्लं ना?"

"तू खाल्लास?" बतूल ओरडली.

"तीन खाल्ले. दूधही प्यायले."

बतूलनं खजूर तोंडात टाकला, दुसरा टाकला, आणि सरबताचा पेला माहजूबच्या हातातून ओढूनच घेतला. माहजूब भिंतीला टेकून मोठमोठ्यानं श्वास घेत राहिला. समुद्राच्या मध्यावर असलेली पोरगी तीस किलोमीटरवर बसून दूध पीत होती!

"नुझा," पेला रिकामा करून बतूल फोनवर म्हणाली, "विमान उडालं की तू प्रवासी. उद्या मुकाट्यानं जेवायचं, ऐकलंस?"

"आणि तू?"

बतूलनं नवऱ्याकडे पाहिलं. "मीही डॉक्टरांचं ऐकीन," ती म्हणाली. "बाबांना हरीरा गरम करायला सांगते आता."

माहजूब आधीच भांडं घेऊन उठला होता.