एका बटणाचा गेम

आमच्या वहिनीला कुणी कलावंत म्हटलं, तर ती हातातली कात्री उगारेल. ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, खडूने आखायचं आणि कापायचं, हे तिचं काम. कपडा शिवून अंगावर चढवल्याशिवाय कुणाला दाखवायचा नाही, हा तिचा नियम. या नियमापायी तिने आम्हा सगळ्यांना जो हादरा दिला, तो अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

तिचा नवरा म्हणजे माझा मधला भाऊ, दादा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. जिभेला हाड नाही आणि माझ्या चहाड्या सांगण्यात लहानपणापासून पटाईत. गेल्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि माणूस खाटेला खिळला. बोलणं गेलं, हातपाय गेले. उजवा अंगठा तेवढा अधूनमधून हलायचा. ते आपोआप होतं, त्याला काही कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वहिनी म्हणाली, "यांना सगळं कळतं." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बिचारीला सोसवत नाहीये, असं आमच्या तोंडांवर स्पष्ट दिसत असणार, कारण त्यानंतर तिने हा विषय काढलाच नाही.

मी सॉफ्टवेअर लिहिते. ज्याला प्रोग्रॅमिंगचं ओ की ठो कळत नाही, त्यालाही स्वतःचा व्हिडिओ गेम करता यावा, असं एक साधन मी बनवत होते. चित्रं टाका, संवाद लिहा, खोल्यांना दारं जोडा, झाला गेम. कुणी आपल्या आजोळाचा करेल, कुणी मोडलेल्या लग्नाचा. एक दिवस वहिनी म्हणाली, "मला दे ते." मला हसूच फुटलं. तिच्या फोनचा गजरसुद्धा मी लावून द्यायचे!

थोड्याच दिवसांत तिच्या मागण्या सुरू झाल्या.

"शेंडेफळ," सगळ्यांत धाकटी म्हणून घरात माझं हेच नाव, "एकाच बटणावर खेळता आलं पाहिजे."

"वहिनी, गेम आहे की दाराची बेल?"

"आणि उजेड आपोआप एकेका अक्षरावरून फिरला पाहिजे. हवं ते अक्षर आलं की बटण दाबायचं."

तेही केलं. मग म्हणे, जरा वेळ बटण दाबलं नाही की गेम पहिल्या पानावर पळतो. ती सोय मी मुद्दाम ठेवली होती. कुणी हात लावत नाही म्हणजे माणूस उठून गेला, असं आम्ही गेम करणारे धरूनच चालतो.

"मग लवकर दाबा ना!" मी खेकसले.

"नाही होत लवकर. समोर माणूस असताना तो नाही, असं तुझ्या यंत्राने परस्पर ठरवायचं नाही."

मी धुसफुसत ती सोय काढून टाकली.

एकदा मी मागून डोकावले. पडद्यावर एक खोली होती. राखाडी अस्तराचं छत, काळ्या चिंध्यांचा पंखा, त्याचं एक पातं वाकलेलं. सगळं कापडाचे तुकडे कापून, त्यांचे फोटो काढून केलेलं. इतकं सुंदर, की मी टोमणा मारायचं विसरले.

"खिडकी राहिली की," मी म्हटलं.

"इथून दिसत नाही ती," म्हणत तिने लॅपटॉप मिटला.

इकडे थोरल्या भावाने, अण्णाने, ठरवून टाकलं, दादाला शहराबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. अण्णा वाईट नाही. रोज कामावरून येऊन दादाला कुशीवर वळवायचा, त्यापायी त्याची स्वतःची कंबर गेली होती. "त्याला काय, इथे काय नि तिथे काय," असं तो दादाच्या उशाशी उभा राहून म्हणाला. वहिनी रडली नाही, भांडली नाही. "गाडी आली की आधी माझा गेम खेळायचा, अण्णा. मग न्या," एवढंच बोलली.

रविवारी सकाळी गाडी दारात आली. अण्णा कपाळाला आठ्या घालून स्टुलावर बसला, मांडीवर लॅपटॉप. मी त्याच्या मागे.

गेममधली खोली खाटेवर पडलेल्या माणसाच्या नजरेतून दिसत होती. वर तो पंखा. एक चेहरा वाकून म्हणाला, "झोपलाय वाटतं." खाली अक्षरं आली, उत्तर द्या. अण्णाने बटण दाबलं, उजेड फिरू लागला, पण शब्द पुरा व्हायच्या आत तो चेहरा निघून गेला. दुसरा आला, तोही गेला. मग अण्णाचंच वाक्य आलं, "इथे काय नि तिथे काय." त्याचे कान लाल झाले.

"घरातलं बोलणं घालून ठेवलंय हिने," तो पुटपुटला.

तेवढ्यात पडद्यावर हिरव्या पिशवीवाली एक मुलगी आली आणि खाटेशी बसली. "दादा, मी नोकरी सोडली. अण्णाला कळलं तर घर डोक्यावर घेईल. तुला सांगतेय, कारण तू आता कुणाला सांगू शकत नाहीस."

हे मी बोलले होते. शब्दन् शब्द. भर दुपारी, दार लावून. वहिनी तेव्हा कारखान्यात होती आणि घरात दुसरं कुणीही नव्हतं.

"नोकरी सोडलीस?" अण्णा ओरडला.

"वहिनी," मी तिच्याकडे वळले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती खाटेपुढून बाजूला झाली. दादाच्या अंगठ्याखाली माऊस होता, त्यावर लाल कापडाची गादी शिवलेली.

"मी बोलले असते तर म्हणाला असतात, हिनेच जुळवलं," ती म्हणाली. "मला ठाऊक नसलेलं काहीतरी हवं होतं. अक्षर अक्षर करून यांनीच लिहिलंय सगळं. मी नुसती चित्रं कापली."

"चहाडखोर!" मी किंचाळले आणि दादाच्या छातीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

अण्णा पांढराफटक पडला होता. वर्षभर या खोलीत काय काय बोललो, ते आठवत असावा. खाली ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. अण्णा दादावर वाकला.

"तुला काय हवंय रे?"

वहिनीने लॅपटॉप दादासमोर धरून अक्षरं लावली. उजेड फिरू लागला. आम्ही थांबलो, कुणी जागचं हललं नाही. अंगठा दबला. ख. पुन्हा फेरी. वेलांटी. बऱ्याच वेळाने ड.

खिडकी.

वहिनी दादाच्या उशाशी बसली. "रोज विचारायचे, पुढे काय लिहू. तुम्हाला काय हवंय, हे मीसुद्धा नाही विचारलं हो."

अण्णाने खिडकीतून हात करून गाडी परत पाठवली. मग वळून तो खाटेकडे बघतच राहिला. खिडकी वर्षभर दादाच्या डोक्यामागे होती आणि खाटेला चाकं होती.