बुगडी, पूर्वेचा वारा आणि माझा डावा कान

सर्व संबंधितांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, सोन्याच्या बुगड्या आणि नेदरलँड्समधला जानेवारीचा वारा यांचं आपसात अजिबात जमत नाही. माझा डावा कान या गोष्टीचा साक्षीदार आहे.

आमचा इथला तो दुसरा हिवाळा. उइटहॉर्नला एका मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. काळी साडी, आत लोकरीच्या दोन विजारी, वर नवऱ्याचा कोट, आणि कानांच्या वरच्या कडांना सासूबाईंनी मुद्दाम पाठवलेल्या बुगड्या. नुकतीच न्हायलेली, केस अजून ओलसर. नवरा दारात लोकरीची टोपी घेऊन उभा.

"कान झाक गं!"

"आणि बुगड्या दिसणार कुणाला? बदकांना?"

टोपी त्याच्याच डोक्यावर घालून मी सायकलवर टांग मारली. नदीकाठचा अर्ध्या तासाचा रस्ता, आणि डावीकडून सुरीसारखा वारा. आधी कान सणसणून दुखला. मग दुखायचा थांबला. मी खूश! म्हटलं, झाली सवय.

मैत्रिणीने दार उघडलं आणि किंचाळलीच. "अगं, कान बघ तुझा! मेणाचा झालाय!"

हात लावला, तर तो कान दुसऱ्याच कुणाचा तरी. डावा कान पांढराफटक आणि ठार बधिर. आम्ही दहाबारा जणी, आणि प्रत्येकीपाशी आपापल्या आईचा एकेक उपाय. एकीने शेकायला तवा तापत ठेवला, दुसरी लसणीचं तेल कढवायला धावली. मैत्रिणीची आई पुण्याहून आली होती; त्या काकूंनी तर पदर खोचून माझा कान चोळायलाच घेतला. सासूबाईंना काय सांगू, बुगडी शाबूत आहे, कान गेला?

"चोळू नका!" शेजारची डच बाई ओरडली. तिळगुळाला बोलावलेली ती बाई डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करायची. "चोळलं तर कातडी सोलून निघेल. आणि तवा दूर! बधिर कानाला भाजलेलंसुद्धा कळत नाही."

तिने अलगद बुगडीची मळसूत्राची फिरकी सोडवली. बाळाच्या अंघोळीला असतं तेवढं कोमट पाणी मागितलं, त्यात फडकं भिजवून कानावर धरलं, निवलं की पुन्हा भिजवलं. म्हणाली, "दुखायला लागलं तर उत्तम. असाच पांढरा राहिला किंवा फोड आले, तर ताबडतोब डॉक्टर."

वीस मिनिटं कुणी उखाणासुद्धा घेतला नाही. आता त्या सगळ्या पांगल्या, कुणी आइंडहोवनला, कुणी परत पुण्याला. मीही नोव्हेंबर लागला की निमूट टोपी घालते. पण इतक्या जणींनी श्वास रोखून माझ्या एका कानाकडे पाहत बसावं, असं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

मग कानात मुंग्या शिरल्या. मुंग्यांच्या सुया झाल्या, सुयांची आग झाली. कान लालबुंद झाला आणि मी भरल्या घरात, जरीच्या काठासकट, भोकाड पसरलं.

काकूंनी टाळीच वाजवली. "दुखतंय! दुखतंय गं हिला! अगं, बघत काय बसलात, तिळगूळ वाटा!"