मिलिंदनं पाचवं शील मोडलं नव्हतं

मिलिंद गेल्याचं संगीताच्या फोनवरून कळलं. फोन ठेवताना माझी ही भावजय रडत रडत जे बोलली, ते महिना उलटला तरी माझ्या डोक्यातून जात नाही. "अक्का, मोठ्या डॉक्टरनं शेवटपर्यंत एकच इचारलं, किती वर्षांपासून पीत व्हते म्हणून." माझा धाकटा भाऊ, वस्तीतल्या विहारात दर रविवारी सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेणारा माणूस, लिव्हर निकामी होऊन गेला. आणि लिव्हर म्हटलं की दारू, एवढंच लोकांना ठाऊक. मिलिंदच्या मागं केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीत भंतेजी पाचव्या शीलाशी, म्हणजे दारू न पिण्याच्या शपथेशी आले, तेव्हा कुणीतरी चक्क हसलं. "चोरून घेत असंल," हेही कानावर आलं. मी तिथंच एकेकाची हजेरी घेणार होते, पण संगीतानं माझा पदर धरून ठेवला.

आमच्या वडिलांची दारू पाहिल्यापासून मिलिंद त्या वाटेलाच गेला नाही. वाळूजच्या कंपनीत, शिफ्टमध्ये त्याचं निम्मं आयुष्य गेलं. दोस्तांच्या पार्टीत हा एकटा कोरडा. मग बिचाऱ्याला काहीतरी हवं ना, म्हणून गोड कोल्ड्रिंकची मोठी बाटली अख्खी त्याच्यापुढं. "मिल्याची दारू आली रे!" म्हणून सगळे चिडवायचे आणि तो ती हौसेनं संपवायचा. नाइटला कपावर कप गोड चहा आणि खारी, औरंगपुऱ्यात गेला की इमरती. पोट सुटलं तसे नातेवाईक खूश, आता कुठं साहेब दिसतोस म्हणायचे. कंपनीच्या तपासणीत लिव्हरवर चरबी निघाली, रक्तातली साखरही वाढलेली. तर हा मलाच समजावतो, "अक्का, आपण थेंब घेत नाय. आपल्या लिव्हरला काय व्हतंय?" आणि तिथल्या डॉक्टरनं काय सांगावं? तेलकट कमी खा. झालं, पुढचा पेशंट! याला तपासणी म्हणायची?

शेवटच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र खुर्ची ओढून आम्हाला नीट सांगितलं. पोटाच्या घेरात साठलेली चरबी तिथं गप्प बसत नाही, रक्तातून सारखी लिव्हरकडं येत राहते. वरून जास्तीची साखर आली की लिव्हर तिची स्वतःच चरबी बनवतं. जाळून आणि बाहेर पाठवूनही संपेना, की ती त्याच्या पेशींतच भरून राहते. काही जणांत मग सूज येते, ती वर्षानुवर्षं राहिली की व्रण पडत जातात आणि लिव्हर कडक होतं. दारूचा थेंबही लागत नाही. आणि दुखत काहीच नाही... "सुरुवातीलाच वजन उतरवलं असतं, तर बरंचसं मागं आलं असतं," बाई म्हणाल्या. मी पाणी भरलेल्या त्याच्या पोटाकडं बघत होते. मला त्याचा भयंकर राग आला. शपथ पाळली की शरीर बाकी सगळं माफ करतं, असं कुणी सांगितलं होतं रे तुला, शहाण्या? तो राग अजून गेलेला नाही.

मागच्या रविवारी विहारात गेले. मिलिंद माइक धरून उभा राहायचा, त्या जागी कुणीच जाईना. शेवटी त्याची मुलगी करुणा उठली. कॉलेजातली पोर, एरवी चार माणसांत तोंड उघडत नाही. तिनं चार शीलं न अडखळता म्हणवून घेतली आणि पाचव्याला थांबली. मला वाटलं, रडतेय की काय... पण तिनं मान वर केली.

"माझ्या पप्पानं हे कधीच मोडलं नाय," ती माइकवरच म्हणाली. "ज्यांनी मोडलंय, त्यांनी आज म्हणू नका."

आणि तिनं पाचवं शील सुरू केलं. बायकांचा आवाज छताला लागला, पुरुषांच्या बाजूनं जेमतेम दोघंतिघं बोलले.