चिकूच्या न दिलेल्या गोळ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, मुलीला तर नाहीच. देवापुढं हात जोडतानाही हा विषय मी टाळत आलोय — त्याला आधीच माहीत असेल, असं म्हणून. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं माझी मान फार ताठ असते. अकोटच्या बाजारात लोक मला थांबवून विचारतात, भाऊ, यंदा कपाशीवर कोणती फवारणी घेऊ? अशा माणसाला खाली पाहायची सवय राहत नाही.

गोष्ट एका कुत्र्याची आहे. म्हणजे — सुरुवात तरी कुत्र्यापासून होते.

माझी मुलगी पल्लवी अमरावतीला शिकत होती तेव्हा तिनं रस्त्यावरून एक पिल्लू उचलून आणलं. तपकिरी रंगाचं, म्हणून नाव चिकू. शिक्षण संपलं, पुण्यात नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला कुत्रं चालेना. मग चिकू आमच्याकडं अकोटला आला. घरात मी, मुलगा सुनील, सून रेखा आणि लहानगा नातू. माझी बायको तोवर गेलेली होती. निघताना पल्लवीनं गोळ्यांची पाकिटं माझ्या हातात ठेवली. गोचीड, पिसवा लागू नयेत म्हणून महिन्याला एक गोळी द्यायची. बारा महिने. उन्हाळ्यातही. 'बाबा, हे काम फक्त तुमच्याकडं,' म्हणाली. 'वहिनीच्या मागं लावू नका, त्यांना कुत्रं आवडत नाही.'

हे खरं होतं — तेव्हा खरं होतं. रेखा चिकूला आधी दारातूनच भाकरी टाकायची. पण पुढं काय झालं ते पल्लवीनं कधी पाहिलंच नाही. रेखा तूर निवडत बसली की चिकू तिच्या पायाशी येऊन आडवा व्हायचा आणि ती कुणी पाहत नाही ना असं बघून पायानंच त्याचं पोट खाजवायची. मी पाहिलंय. हेही मी कुणाला सांगितलं नाही, आणि हे सांगितलं असतं तरी पुष्कळ काही वाचलं असतं.

थंडीभर गोळ्या दिल्या मी. खोटं नाही बोलत. गुळाच्या खड्यात घालून दिल्या. मग मार्च लागला, ऊन चढायला लागलं, आणि माझं शहाणपण वर आलं.

आमच्या भागात ऊन म्हणजे काय हे परक्याला सांगून कळायचं नाही. आम्ही त्याला शिव्याही घालतो आणि त्याच्या भरवशावर शेतीही करतो. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्या की रान खोल नांगरून टाकायचं आणि ढेकळं तापू द्यायची. मातीत लपलेले अळीचे कोष वर येतात, उन्हानं मरतात, काही पाखरं वेचतात. जन्मभर मी हे केलं, दुसऱ्यांना करायला लावलं. ऊन फुकटचं औषध आहे, हे माझंच वाक्य. मग जी गोष्ट मातीतल्या अळीला लागू, ती कुत्र्याच्या गोचिडीला का नाही? मे महिन्यात जिथं चप्पल काढून अंगणात पाय ठेवता येत नाही, तिथं एवढासा जीव टिकतो होय? उगाच महिन्याच्या महिन्याला मुक्या जिवाच्या पोटात विष कशाला? फवारणीचं विष अंगात गेलेली माणसं मी पाहिली होती. झालं. गोळ्या बंद.

पल्लवी फोनवर विचारायची, 'बाबा, चिकूले गोळी देली ना?'

'देली ना माय. कवाचीच.'

एवढं सोपं होतं ते. खोटं बोलतोय असं वाटायचंसुद्धा नाही. पोरगी लांब आहे, तिला पटवत कोण बसणार, असं वाटायचं.

एकदा रेखानं सांगितलं होतं — हो, तिनं सांगितलं होतं. दुपारी वाटीत थोडं डिझेल घेऊन ती चिकूच्या कानातून काहीतरी ओढून त्यात टाकत होती. म्हणाली, 'मामाजी, याच्या कानात गोचिडी दिसून राहिल्या. पल्लवीनं गोळ्या देल्या होत्या ना?' मी हसलो. म्हटलं, 'अवं, या उन्हात दगड फुटते, तिथं गोचीड काय जगते? दोन-चार असन, मरून जातीन.' तिनं पुढची गोचीड ओढून वाटीत टाकली. सासऱ्याला उलट बोलायची रीत नाही आमच्याकडं, आणि त्यातून मी कीड-रोगांतला जाणता माणूस.

मे संपता संपता चिकूनं खाणं सोडलं. आधी वाटलं, ऊन लागलं. कांद्याचा रस लावला, ताक पाजायचा प्रयत्न केला. मग त्याच्या नाकातून रक्त आलं. सुनीलनं गाडी काढली आणि आम्ही त्याला अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून दाखवला — हिरडी पांढरी पडली होती. गोचीड ताप, म्हणाले. रक्त तपासलं, सलाइन लावली. मी आपला माझाच हेका चालवत होतो, साहेब, एवढ्या उन्हात गोचीड कशी? डॉक्टर म्हणाले, 'काका, ऊन तर अंगणात आहे. कुत्रं कुठं झोपतं?'

कुठं झोपतो? कूलरच्या मागं. दिवसभर पाणी ठिबकतं तिथं, फरशी गार, भिंतीला ओल. आम्ही माणसं उन्हाला घाबरून जिथं दडतो तिथंच तो दडायचा, आणि गोचिडीही तिथंच. घरी येऊन कूलर सरकवला. भिंतीच्या भेगेतून त्या वर चढत होत्या, छतापर्यंत. जन्मभर ज्या उन्हावर भरवसा टाकला त्यानं माझ्याच घरात मला दगा दिला, असं मला त्या क्षणी वाटलं. फार राग आला मला उन्हाचा. बघा, कसा असतो माणूस! कुत्रं तिकडं मरायला टेकलंय आणि हा उन्हावर रुसलाय.

चिकू वाचला नाही. पल्लवी पुण्याहून निघाली होती, पण ती पोहोचायच्या आत तो गेला. त्याला आम्ही शेतात नेलं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खड्डा खोदला. खड्ड्यात टाकायचं मीठ गाडीत राहिलं होतं, ते आणायला सुनीलला पाठवलं. तो वळला तशी मी खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली, न फोडलेली, आणि चिकूच्या खाली सरकवली. वर माती ओढली.

हाच माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटू द्यायचं होतं. कुत्र्याला गोळ्या दिल्या नाहीत, मुलीशी खोटं बोललो, पुरावा पुरला — एवढ्यावर थांबलो असतो तर आज कुणाच्याही तोंडाकडं बघू शकलो असतो. पण खरं जे आहे ते याच्या पुढं आहे.

पल्लवी आली ती डॉक्टरांशी बोलूनच आली. रडून रडून डोळे सुजलेले. तिनं पहिला प्रश्न विचारला, गोळ्या खरंच देत होता का? मी म्हटलं, देत होतो. मग रिकामी पाकिटं दाखवा, म्हणाली. पाकिटं नव्हती. कपाटात नव्हती, कचऱ्यात नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, 'बाबा, तुमी सोताच्या हातानं देत होते का?'

आणि मी म्हणालो — 'मी काढून ठेवत होतो. जेवण तं रेखाच देते त्याले.'

सगळं खोटं. गोळी काढूनच ठेवली नव्हती तर रेखा देणार कुठून? पण वाक्य तर सुटलं. ते कुणावर जाऊन पडणार हे मला ठाऊक नव्हतं? होतं. मला पूर्ण ठाऊक होतं.

पल्लवी रेखाकडं वळली. 'वहिनी, तुमाले तो आवडत नव्हता, मालूम होतं मले. पण मरू द्याचा त्याले?'

रेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पिठाचे हात तसेच. माझ्याकडं पाहून म्हणाली, 'मामाजी, तुमी तं सांगा.'

तेवढंच. तिला खात्री होती हो. कानातल्या गोचिडी तिनं मला दाखवल्या होत्या, मी काय उत्तर दिलं ते तिच्याजवळ होतं, आणि तरी ते ती स्वतः बोलली नाही. सासऱ्याला मुलीपुढं उघडं पाडायचं नाही, सासराच बोलेल, असा भरवसा ठेवला तिनं. मी मूग गिळून बसलो असतो तर निदान भित्रा ठरलो असतो. मी गप्प बसलो नाही. मी मोठेपणा केला. पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, 'जाऊ दे माय. घरात कामं काय कमी असतात? राहून गेलं असन तिच्यानं. मी तं मनात काही ठेवलं नाही, तूई माफ करून टाक.'

मी तिला माफ केलं. माझ्या चुकीसाठी, तिच्याच घरात, तिच्या नवऱ्यादेखत मी तिला माफ केलं! केसानं गळा कापणं म्हणतात ते याच्याहून वेगळं काय असतं? त्या वेळचा रेखाचा चेहरा मी सांगू शकत नाही. मी पाहिलाच नाही, मान वळवली होती.

पल्लवीनं माफ केलं नाही. ती तेव्हापासून अकोटला येत नाही, भाऊबिजेला सुनीलच पुण्याला जातो. नातू आत्याला मोबाइलवरच ओळखतो. सुनील काही दिवस बायकोशी बोलत नव्हता, मग बोलायला लागला, पण कधी भांडण झालं की तेच काढतो. आणि रेखा? माझा चहा वेळेवर येतो. औषधाच्या गोळ्या पाण्याच्या पेल्याजवळ ठेवलेल्या असतात. तिनं एकदाही विषय काढला नाही. काढला असता तर मी खरं बोललो असतो, असं मी मनाला सांगायचो. आता तेही सांगत नाही, कारण परवा संधी आली होती.

परवा रेखाची आई अंजनगावहून आली होती. म्हातारी साधी बाई. जेवताना तिनं सहज विचारलं, तुही नणंद काहून येत नाही गं, काही झालं का? मी खाली पाहिलं. रेखा वाढत होती. ती थांबली नाही, आवाज चढला नाही, उतरला नाही.

'चूक माहीच होती आई,' ती म्हणाली. 'कुत्र्याच्या गोळ्या मी देल्या नाही. मेलं ते.'

तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. मग माझ्याकडं वळून दोन्ही हात जोडले. म्हणाली, 'भाऊ, तुमी सांभाळून घेतलं माह्या पोरीले. दुसऱ्या घरी असती तं काय झालं असतं तिचं!'

मी म्हणालो, 'लेकच आहे ते आमची.'

रेखानं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली.